झोप उडाली, तर आधी यकृताला विचारा

यकृताच्या आजारात झोप उडाली की आपण तक्रारींची वाटणी करून टाकतो: पोटाचं पोटाच्या डॉक्टरकडे, झोपेचं मेडिकलवाल्याकडे. हा आजार सोबत घेऊन जगणाऱ्याने इतरांना सांगावं असं माझ्यापाशी जे आहे, ते म्हणजे ही वाटणीच धोक्याची आहे. सिऱ्हॉसिस झालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांची झोप बिघडलेली असते, आणि तो केवळ काळजीचा परिणाम नसतो. आतड्यात तयार होणारा अमोनिया यकृताने निपटायचा असतो. तो निपटला नाही तर रक्तातून मेंदूपर्यंत जातो. रात्रीची चाहूल शरीराला देणारं मेलाटोनिनही यकृतच मोडतं. यकृत थकलं की मेलाटोनिन दिवसाही रक्तात रेंगाळतं आणि रात्रीची त्याची भरती उशिरा येते. मग रात्री डोळे टक्क उघडे आणि दुपारी पेंग. दिवस-रात्रीची ही उलटापालट यकृतामुळे मेंदूवर होऊ लागलेल्या परिणामाची अगदी पहिली खूण असू शकते. म्हणजे ती यकृताने पाठवलेली खबर आहे, आणि झोपेची गोळी त्या खबरीचंच तोंड बंद करते.

गोळीचा दोष एवढाच असता तरी चाललं असतं. पण डायझेपाम हे झोपेचं औषध निरोगी शरीरातूनही सावकाश उतरतं. सिऱ्हॉसिसमध्ये त्याला दुपटीहून जास्त वेळ लागू शकतो. आज घेतलेली गोळी कालच्या उरलेल्या गोळीवर जाऊन बसते. त्यात औषध साचल्यावर दिसणारी गुंगी, जड जीभ, गोंधळ ही लक्षणं आणि मेंदूवरच्या परिणामाची लक्षणं घरच्यांना सारखीच दिसतात. कोणी म्हणेल, डॉक्टर स्वतःच कधी कधी झोपेची गोळी देतात, त्याचं काय? देतात, आणि विचारपूर्वक देतात. झोल्पिडेम सौम्य ते मध्यम बिघाडात ५ मिलिग्रॅमच्या पुढे नको आणि गंभीर बिघाडात मुळीच नको, असं त्या औषधाच्या अधिकृत माहितीतच आहे. हायड्रॉक्सिझीन या औषधाचा २००७ सालचा एक लहानसा अभ्यास यासाठी मुद्दाम वाचावा. ३५ रुग्णांच्या त्या अभ्यासात २५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांची झोप सुधारली. पण त्याच गटातल्या एकाला तीव्र मेंदूविकाराचा झटका आला. फायदा आणि धोका एकाच गोळीत होते. आपलं यकृत कोणत्या पायरीवर आहे हे रक्ताचे रिपोर्ट पाहणाऱ्यालाच कळतं, म्हणून ‘अर्धी घेतो, काही होत नाही’ हा हिशेब घरी मांडण्याचा नाही. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम यांच्या पाकिटावर २०१४पासून लाल चौकट आली, आणि चिठ्ठीची सक्ती तर आहेच. ओळखीचा मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देत असेल, तर तो उपकार समजू नये.

‘मग झाडपाल्याचं घेऊ, त्याने काय अपाय?’ हा आक्षेप लोणावळ्याजवळच्या आमच्या कुरवंड्यासारख्या गावात हमखास येतो, कारण गुळवेल इथे कुंपणावर चढलेली असते. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तेव्हा ती वनस्पती नीट ओळखलेली नसल्याचा आक्षेप घेतला. पण पुढच्याच वर्षी देशातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला आणि निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला. झोपेसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या अश्वगंधेनेही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. निरोगी माणसाला ती कदाचित पचेल. आपला प्रश्न निरोगी माणसाचा नाही. दारूबद्दल लिहायला नको: ती डोळा लावते, पहाटे उठवते आणि मूळ दुखणं वाढवते.

तर मग करायचं काय? आधी झोपमोड करणारी साधी कारणं शोधावीत. लघवीच्या गोळ्या संध्याकाळी घेतल्या की रात्रभर उठावं लागतं. त्या सकाळी घेता येतील का, हे विचारावं. खाज, पायात येणारे गोळे, जाड माणसाचं घोरताना श्वास अडकणं, यांवर वेगळे उपचार आहेत. बद्धकोष्ठाने अमोनिया वाढतो, म्हणून लॅक्टुलोज दिलं असेल तर दिवसाला दोन-तीन मऊ शौच होतील असं ते सांगितल्याप्रमाणे घ्यावं. शौचाच्या त्रासाला कंटाळून मनाने सोडू नये. रात्री उपाशी झोपू नये. लांबलेल्या उपासाने स्नायू झिजतात, आणि यकृत थकल्यावर अमोनिया निपटायला तेच हातभार लावतात. निजण्यापूर्वी थोडी भाकरी किंवा पोहे चालतात; मधुमेह असेल तर विचारून. झोपेच्या सवयी बदलण्याचा जो उपचार आहे, तो २०१६पासून अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने जुनाट निद्रानाशावर पहिला म्हणून सुचवला आहे. लोणावळ्यात तसा तज्ज्ञ कुठून मिळणार, हे खरं. पण त्यातलं बरंचसं स्वतःला जमतं: उठण्याची वेळ पक्की, दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या आत, आणि वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर अंथरूण सोडणं. मुद्दाम झोप कमी करण्याचा त्यातला भाग मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सकाळचा उजेड तर फुकट आहे. आषाढ-श्रावणात गावाजवळचा नागफणीचा सुळका दिवसच्या दिवस धुक्यात बुडालेला असतो, तरी त्या मळभाचाही उजेड घरातल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो. ओटीवर बसून चहा घेतला तरी पुरे.

हात पुढे धरल्यावर पंजे फडफडत असतील, बोलणं असंबद्ध होत असेल, वार सांगता येत नसेल, शौचाला काळं होत असेल किंवा उलटीत रक्त असेल, तर तो झोपेचा प्रश्न राहिलेला नाही. त्याच रात्री रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन करा. कुरवंड्याहून पुणं लांब आहे. सकाळ होण्याची वाट पाहू नका.