पुत्राने दिलेली विद्या

‘जालना, सोन्याचा पाळणा’ ही म्हण मराठवाड्यात सर्वांच्या परिचयाची आहे. कुंडलिका नदीच्या काठी वसलेले हे गाव पूर्वीपासून व्यापाराची मोठी पेठ म्हणून प्रसिद्ध आहे. जालना हा स्वतंत्र जिल्हा १९८१ साली झाला. त्यापूर्वी तो औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता. आणि १९४८ सालापर्यंत या साऱ्या मुलखावर हैदराबादच्या निजामाचे राज्य होते.

मुलांनो, या निजामी मुलखाचे नाव एकदा फार दूर, युरोपच्या आकाशात जाऊन पोहोचले होते. ते कसे, हे आज आपण पाहू.

पहिले महायुद्ध चालू असताना, १९१८ साली, निजामाने ब्रिटिशांना युद्धासाठी विमाने भेट दिली. ज्या बाँबफेक्या पथकाला ती मिळाली, त्याचा क्रमांक ११० होता. या देणगीची आठवण म्हणून पथकाच्या नावाला ‘हैदराबाद’ हा शब्द कायमचा जोडला गेला. संस्थानाची सारी संपत्ती अखेर रयतेच्या कष्टांतूनच उभी राहिलेली होती. त्या रयतेत जालना, अंबड, भोकरदन या भागांतले शेतकरीही होते. आपल्या मुलखाच्या नावाचे एक विमानपथक परदेशात आहे, याची त्यांपैकी कितीकांना कल्पना असेल? त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि कोणी सांगितलेही नव्हते.

पथकाचे ब्रीदवाक्य मोठे अर्थपूर्ण होते. ‘मी भीत नाही आणि कोणाला तुच्छही लेखत नाही,’ असा त्याचा भावार्थ होता.

पुढे एकवीस वर्षांनी दुसरे महायुद्ध पेटले. त्या वेळी १०७ क्रमांकाच्या पथकात ब्रायन लायटोलर नावाचा एक तरुण वैमानिक होता. त्याने हैदराबाद कधी पाहिले नसेल. जालन्याचे तर नावही ऐकले नसेल. तो इंग्लंडमधील एका जुन्या दर्यावर्दी माणसाचा धाकटा मुलगा होता.

त्याचे वडील चार्ल्स लायटोलर हे ‘टायटॅनिक’ या प्रसिद्ध जहाजावर अधिकारी होते. १९१२ सालच्या एप्रिल महिन्यात ते प्रचंड जहाज हिमनगावर आदळून बुडाले आणि सुमारे दीड हजार माणसे प्राणांस मुकली. त्या रात्री लायटोलर यांनी स्त्रियांना व मुलांना होड्यांत बसवून देण्याचे काम शेवटपर्यंत केले. जहाज बुडाले तेव्हा तेही पाण्यात पडले. एका उपड्या झालेल्या होडीच्या पाठीवर चढून त्यांनी इतरांना धीर दिला. लाट जिकडून येई, त्याप्रमाणे सर्वांना डावीउजवीकडे झुकायला सांगून त्यांनी होडीचा तोल सांभाळला आणि अशा रीतीने कित्येकांना वाचवले. जहाजाच्या वाचलेल्या अधिकाऱ्यांत त्यांचा दर्जा सर्वांत वरचा होता.

अशा पित्याच्या पोटी जन्मलेल्या ब्रायनला समुद्रापेक्षा आकाशाची ओढ लागली. तो ब्लेनहाइम जातीचे बाँबफेके विमान चालवीत असे. या विमानात तीन माणसे असत. एक वैमानिक, दुसरा मार्ग दाखवणारा व नेम धरून बाँब टाकणारा, आणि तिसरा बिनतारी संदेश सांभाळणारा व बंदूक चालवणारा. तिघांचे प्राण एकमेकांच्या हाती असत.

ब्रायन आपल्या कामात तरबेज होता. तो वडिलांना भेटे तेव्हा बापलेकांचे बोलणे विमानांवर येई. शत्रूचे विमान कसे चाल करून येते, आपला बचाव कसा करावा, त्याचा नेम कसा चुकवावा, हे सारे तो वडिलांना समजावून सांगे. म्हातारा खलाशी लक्षपूर्वक ऐके. या गप्पांचा पुढे काही उपयोग होईल, असे त्या दोघांच्याही मनात आले नसेल.

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. त्याच दिवशी व्हाइसरॉयने, येथील पुढाऱ्यांना न विचारता, हिंदुस्थानही युद्धात सामील असल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबरला, विल्हेल्म्सहाफेन या जर्मन नाविक तळाजवळील युद्धनौकांवर हल्ला करण्याचा हुकूम सुटला. त्या युद्धातील ब्रिटिशांचा हा पहिलाच बाँबहल्ला होता.

या हल्ल्यासंबंधी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. नागरी वस्तीवर बाँब टाकू नयेत, असे आवाहन अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी युद्ध सुरू होताच केले होते, आणि ब्रिटनने ते मान्य केले होते. म्हणून वैमानिकांना फक्त युद्धनौकांवरच बाँब टाकण्याची सक्त ताकीद होती. किनाऱ्यावरील निरपराध माणसांना इजा होता कामा नये, असा दंडक होता. पुढे हा दंडक कोणत्याच पक्षाने पाळला नाही. युरोपातील शहरेच्या शहरे बाँबवर्षावाने बेचिराख झाली.

इंग्लंडमधील वॉटिशॅम येथील तळावरून दहा ब्लेनहाइम विमाने निघाली. त्यांतील पाच ‘हैदराबाद’ पथकाची व पाच १०७ क्रमांकाच्या पथकाची होती. हवा फार खराब होती. ढग इतके खाली उतरले होते की विमानांना समुद्राच्या पृष्ठभागापासून थोड्याच उंचीवरून जावे लागले. अखेर युद्धनौका दृष्टीस पडल्या. ‘हैदराबाद’ पथकाच्या विमानांनी ‘ॲडमिरल शेअर’ या नौकेवर प्रथम झडप घातली. काही बाँब नौकेवर आदळलेही; पण ते फुटलेच नाहीत! तोवर जर्मन तोफा सावध झाल्या आणि चहूकडून भडिमार सुरू झाला.

निघालेल्या दहा विमानांपैकी पाचच परत आली. १०७ क्रमांकाच्या पथकाची चार विमाने पडली; त्यांत ब्रायनचेही विमान होते. ‘हैदराबाद’ पथकाचे एकच विमान परतले नाही. युद्ध सुरू होऊन अजून दोन दिवसही पुरे झाले नव्हते.

वृद्ध पित्याच्या घरी ही वार्ता पोहोचली तेव्हा त्याला काय वाटले असेल? जो स्वतः बर्फासारख्या पाण्यातून जिवंत परतला, त्याचा धाकटा मुलगा मात्र युद्धाच्या पहिल्याच फेरीत नाहीसा झाला.

यानंतर नऊ महिने लोटले. जर्मन सैन्याने फ्रान्समध्ये मुसंडी मारली आणि लाखो ब्रिटिश व फ्रेंच सैनिक डंकर्कच्या किनाऱ्यावर कोंडले गेले. त्यांना आणण्यासाठी लहानमोठ्या नौका गोळा होऊ लागल्या. चार्ल्स लायटोलर यांच्याजवळ ‘सनडाउनर’ नावाची एक हौसेची छोटी नौका होती. सरकारने ती मागितली. तेव्हा त्यांचे वय सहासष्ट वर्षांचे होते. ‘नौका न्यायची तर मीच नेईन,’ असा त्यांनी आग्रह धरला. १ जून १९४० रोजी थोरला मुलगा रॉजर आणि एक अठरा वर्षांचा सागरी बालवीर यांना बरोबर घेऊन ते निघाले.

ज्या नौकेवर पूर्वी कधी एकवीसपेक्षा जास्त माणसे चढली नव्हती, तिच्यात त्यांनी सुमारे एकशेतीस सैनिक दाटीवाटीने बसवले. परतीच्या वाटेवर शत्रूची विमाने घिरट्या घालीतच होती. नौकेवर एकही तोफ नव्हती. अशा वेळी त्यांच्या मदतीला आले ते ब्रायनचे बोल. विमान रोख धरून झेपावू लागे तेव्हा लायटोलर घाई करीत नसत. ते त्याच्याकडे टक लावून पाहत. अगदी शेवटच्या क्षणी ते सुकाणू जोराने फिरवण्याचा हुकूम देत आणि नौका झटक्यासरशी बाजूला वळे. शत्रूचा नेम फुकट जाई. असे पुनःपुन्हा घडले. आणि ‘सनडाउनर’ एकही माणूस न गमावता इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली.

या यशाचे श्रेय लायटोलर यांनी स्वतःकडे घेतले नाही. आपल्या दिवंगत मुलाने नकळत केलेल्या मदतीमुळेच आपण सुखरूप पोहोचलो, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. दुर्दैवाने त्यांचे दुःख एवढ्यावर संपले नाही. युद्ध संपत आले असता, १९४५ च्या मार्चमध्ये, रॉजरही मारला गेला.

ब्रिटिश बाँबफेक्या विमानदळातील पंचावन्न हजारांहून अधिक तरुण त्या युद्धात मरण पावले. त्यांच्या बाँबवर्षावात मेलेल्या स्त्रीपुरुषांची व मुलांची संख्या तर कित्येक लाखांच्या घरात जाते. ब्रायनने नेलेले बाँब कोणाच्या कामी आले नाहीत. परंतु घरी बसून वडिलांना सांगितलेल्या चार गोष्टींनी एकशेतीस माणसांचे प्राण वाचवले.

जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. आपल्याला जे कळले ते हातचे न राखता दुसऱ्याला शिकवावे, असा उपदेश समर्थांनी जन्मभर केला. ज्या मुलखाचे नाव ब्रायनच्या पथकाबरोबर हल्ल्याला गेलेल्या पथकाला होते, त्याच मुलखातील एका संताची ही शिकवण ब्रायनच्या ठायी आपोआप उतरलेली दिसते.

शब्दार्थ

रयत – प्रजा. ब्रीदवाक्य – ध्येय सांगणारे वाक्य. दंडक – नियम. बेचिराख – पूर्ण उद्ध्वस्त. सुकाणू – नौकेची दिशा बदलण्याचे साधन. हातचे राखणे – काही भाग मागे ठेवणे.

स्वाध्याय

१. ११० क्रमांकाच्या पथकाला ‘हैदराबाद’ हे नाव का मिळाले?
२. ४ सप्टेंबर १९३९ च्या हल्ल्यात वैमानिकांना कोणती ताकीद होती? ती पुढे पाळली गेली का?
३. ब्रायनने दिलेल्या माहितीचा वडिलांना कसा उपयोग झाला?
४. ‘टायटॅनिक’ आणि ‘सनडाउनर’ या दोन्ही प्रसंगांवरून चार्ल्स लायटोलर यांचे कोणते गुण दिसून येतात?
५. वाक्यांत उपयोग करा : तरबेज असणे, मुसंडी मारणे, टक लावून पाहणे.
६. तुम्ही एखाद्याला शिकवलेली व त्याच्या उपयोगी पडलेली गोष्ट आठ-दहा ओळींत लिहा.