जन्मनदीकडे परतणारे मासे
(इयत्ता ६ वी व ७ वी : भूगोल व सामान्य विज्ञान यांचा जोडपाठ)

उद्देश : नदी, मासा व मनुष्य यांचा संबंध विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणणे व मासेमारीतील संयमाचे महत्त्व पटविणे.

प्रस्तावना : पहिल्या पावसात ओढ्यात चढणीचे मासे येतात, ते मुलांनी पाहिलेले असतात. ‘हे मासे प्रवाहाविरुद्ध का चढतात?’ या प्रश्नाने पाठास आरंभ करावा. ‘अंडी घालण्यासाठी’ हे उत्तर येताच पुढील माहिती सांगावी.

विवेचन : अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ऑलिंपिक पर्वतातून उत्तरेकडे वाहणारी एल्वा नदी आहे. तिचा आराखडा फळ्यावर काढावा. सॅमन मासा अशा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो व पाण्याच्या वासावरून आपली जन्मनदी ओळखून परततो. मादी शेपटीने वाळूखड्यांत खळगा करून अंडी घालते. तेथील सॅमन अंडी घातल्यावर मरतात. त्याच कुळातील स्टीलहेड मात्र कित्येकदा पुन्हा समुद्रात जातो.

क्लालम जमात पिढ्यान्‌पिढ्या या माशांवर जगत आली. १८५५ च्या तहात तिने भूमी सोडली, परंतु मासेमारीचा हक्क राखला. पुढे विजेसाठी नदीवर दोन धरणे झाली. पहिले १९१३ मध्ये, दुसरे १९२७ मध्ये. माशांना वाट ठेवावी असा कायदा असूनही ती ठेवली गेली नाही. खालचे धरण मुखापासून केवळ ८ किलोमीटरांवर होते. त्यावरील नदी व उपनद्या मिळून ११० किलोमीटरांहून अधिक प्रवाह माशांना बंद झाले. हक्क कागदावर राहिला, मासे ओसरले.

२०११ ते २०१४ या काळात दोन्ही धरणे काढण्यात आली. २०११ पासून मासेमारी थांबविण्यात आली. हक्क असूनही जमातीने आपली जाळी आवरली. सॅमन व स्टीलहेड वरच्या खोऱ्यात पुन्हा पोचले. बारा वर्षांनी, २०२३ मध्ये, जमातीने कोहो जातीच्या सॅमनची मर्यादित मासेमारी केली.

सूचना : ‘धरणे वाईट’ असा समज मुलांचा होऊ देऊ नये; आपल्या शेतीस व घागरीस धरणाचेच पाणी लागते. हक्क टिकावयाचा तर मासा टिकला पाहिजे, हे त्यांच्या मनावर बिंबवावे.

प्रश्न :
१. सॅमन व स्टीलहेड यांत कोणता भेद आहे?
२. हक्क असूनही जमातीने मासेमारी का थांबविली?

उपक्रम : गावच्या ओढ्यात मासे केव्हा चढतात व त्या वेळी गाभोळीचे मासे धरतात काय, हे वडीलधाऱ्यांस विचारून मुलांनी वहीत नोंदवावे.