स्वप्नं घेऊन थेरपिस्टकडे जाताय? आधी हिशेब पाहा

‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ हे घरचं कुणीही फुकट सांगतं. तेच स्वप्न थेरपिस्टसमोर मांडायचं तर तासाला हजार-दोन हजार मोजावे लागतात. हे पैसे स्वप्नाचा अर्थ सांगण्याचे नसतात. अर्थ तुमच्याच तोंडून निघायचा असतो. फी असते ती नेमके प्रश्न विचारणाऱ्या प्रशिक्षित माणसाच्या वेळेची.

तासाभरात काय होतं?

समजा, पंधरा वर्षं नोकरी झालेल्या बाईंना अजून परीक्षेचं स्वप्न पडतं. हॉल तिकीट घरी राहिलंय, अभ्यास इतिहासाचा केलाय आणि समोर पेपर गणिताचा. चांगला थेरपिस्ट ‘ही अपयशाची भीती’ असं ठोकून देत नाही. स्वप्न आत्ता घडतंय असं सांगायला लावतो आणि मग विचारतो: वर्गावर कोण होतं? पेपर पाहिल्यावर पोटात काय झालं? हल्ली असं कुठे होतं? बाई थबकतात. वर्गावरच्या माणसाचा आवाज नव्या साहेबांचा होता. आणि न झेपणारं काम त्यांनी कालच ‘हो, करते’ म्हणून घेतलंय. शेवटचा प्रश्न असतो: मग आता साहेबांशी काय बोलायचं?

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ क्लारा हिल यांच्या पद्धतीत शोध, उमज आणि कृती या तीन पायऱ्या अशाच येतात. एका स्वप्नाला साधारण ६० ते ९० मिनिटं लागतात.

खर्च किती?

मुंबई-पुण्याचे ढोबळ आकडे असे धरा:

- खासगी थेरपिस्ट: ४५ ते ६० मिनिटांना १,००० ते २,५०० रुपये, नावाजलेल्यांकडे याहून जास्त.
- आठवड्याला एक याप्रमाणे आठ सत्रं, दर १,५०० रुपये: १२,००० रुपये. जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेली अर्धी रजा वेगळी.
- फ्रॉइडच्या परंपरेतलं पूर्ण मनोविश्लेषण: आठवड्याला चार-पाच सत्रं, तीही काही वर्षं. २,००० रुपयांच्या दराने चार सत्रं धरली तरी महिन्याला ३२,००० रुपये. केवळ स्वप्नांच्या कुतूहलापोटी एवढ्यात शिरू नका.
- सरकारी किंवा पालिका रुग्णालयातली मानसोपचार ओपीडी: खर्च नाममात्र, पण गर्दीत तासभर निवांत बोलणं होईलच असं नाही.

स्वप्नावर बोललात म्हणून नेहमीच्या सत्राचा दर वाढत नाही. सत्र लांबलं तरच वाढतो. ‘स्वप्न-विश्लेषण पॅकेज’ म्हणून कुणी आगाऊ रक्कम मागत असेल, तर नमस्कार करून निघा. साप दिसला म्हणजे अमुक, दात पडला म्हणजे तमुक, असं सांगणाऱ्यालाही तोच नमस्कार. ती स्वप्नफळं पंचांगाच्या किमतीत मिळतात.

विमा मिळेल का?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांना मानसिक आजारही शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्यापुरत्या असतात. ओपीडीचा लाभ पॉलिसीत लिहिलेला नसेल, तर सत्रांची फी तुमच्याच खिशातून. नोकरी करत असाल, तर कंपनीकडून काही समुपदेशन सत्रं मोफत मिळतात का, ते एचआरला आधी विचारा.

आधी डॉक्टर कुणी गाठावा?

रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्यांनीही भयस्वप्नं पडतात. नवी गोळी आणि नवी स्वप्नं एकदमच सुरू झाली असतील, तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. गोळी परस्पर बंद करू नका. झोपेत हातपाय झाडणं, शेजारच्याला मारणं असं होत असेल, विशेषतः पन्नाशीनंतर, तर न्यूरॉलॉजिस्ट गाठा. आघातानंतर तेच भयस्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल, तर त्याचा शेवट जागेपणी बदलून रोज मनात घोळवण्याची उपचारपद्धत आहे. ती थोड्या सत्रांत शिकता येते. मन फारच अस्वस्थ असेल, तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीतही बोलता येतं.

पहिल्या फोनवर विचारा

१. शिक्षण काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील, तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो कौन्सिलच्या संकेतस्थळावर ताडून पाहा.
२. स्वप्नांवर काम करता का, आणि कसं?
३. सत्र किती मिनिटांचं? ऐनवेळी रद्द केलं तर पैसे लागतात का?
४. ऐपतीप्रमाणे फी कमी होते का?
५. मराठीत बोलता येईल ना?

आणि पहिल्या सत्राआधी पंधरा दिवस उशाशी वही ठेवा. डोळे उघडताच, मोबाइल हातात घेण्याआधी, आठवेल तेवढं लिहा: माणसं, जागा, मनात काय आलं. सत्रातला आठवण्यात जाणारा वेळ त्याने वाचतो. तीन-चार सत्रं झाली की जागेपणीच्या वागण्यात काय बदललं ते तपासा. काहीच नसेल, तर थेरपिस्टला तसं स्पष्ट सांगा. तरीही फरक पडला नाही, तर थांबा किंवा थेरपिस्ट बदला.