राक्षसाआधी फ्रिज बघा

आवडती मालिका पुन्हा बघायची म्हटली की बहुतेकजण थेट शेवटाकडे धावतात. तिथली रडारड, तिथला धक्का पुन्हा एकदा हवा असतो. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. सुरुवातीचा एखादा भाग उचला आणि सोबतीला असं कुणीतरी घ्या, ज्यानं तो पाहिलेलाच नाही. माझ्या वाट्याला भाची आली. अकरावीत आहे, ॲनिमे माझ्यापेक्षा जास्त बघते आणि माझ्या पिढीच्या मालिकांना ‘जुनाट’ म्हणते.

आम्ही निवडली ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’. हिदेआकी आन्नो यांनी दिग्दर्शित केलेली ही २६ भागांची मालिका ४ ऑक्टोबर १९९५ला जपानमध्ये टीव्ही टोकियोवर सुरू झाली. कॉलेजात असताना ती मी मित्राच्या संगणकावर पाहिली होती; २०१९ साली ती नेटफ्लिक्सवर आली आणि शोधाशोध संपली. तिच्या दुसऱ्या भागावर मामा-भाचीत जे काही झालं, त्यातून हाती लागलेल्या या गोष्टी.

१. सुरुवातीचा भाग घ्या, पण अगदी पहिला नको

पहिल्या भागाच्या डोक्यावर ओझं फार असतं. साल २०१५, एका महाभयंकर उत्पातानंतर जपानमध्ये ठाण मांडून बसलेला उन्हाळा, हाकोनेच्या डोंगरात वसवलेलं टोकियो-३ नावाचं शहर, त्यावर चालून येणारा ‘एंजल’ नावाचा अजस्र जीव, आणि चौदा वर्षांच्या शिंजीला कित्येक वर्षांनी बोलावून घेऊन ‘इव्हा’ नावाच्या महाकाय यंत्रमानवात बसायला सांगणारा बाप. एवढं सगळं मांडता मांडता पहिला भाग संपतो. दुसऱ्यात ओळखपाळख उरकलेली असते, म्हणून ही मालिका गोष्ट सांगते कशी, ते इथे उघड होतं.

२. घटनांचा क्रम कागदावर मांडा

पहिला भाग आपल्याला युद्धाच्या तोंडावर आणून सोडतो. दुसऱ्यात इव्हा एक पाऊल टाकते, नियंत्रणकक्षात ‘चालली, चालली!’ म्हणून आनंद होतो आणि दुसऱ्या पावलाला ती तोंडावर आपटते. एंजल तिला डोक्याला धरून उचलतो, डावा हात मोडतो. आत बसलेला शिंजी स्वतःचा हात धरून विव्हळतो आणि ‘तो तुझा हात नाही!’ असं त्याला ओरडून सांगावं लागतं. मग डोक्यातून आरपार वार होतो, रक्ताचा फवारा उडतो, आणि कट! शिंजी दवाखान्यात पडून अनोळखी छताकडे बघतोय.

भाची उखडली. “मामा, मधला भाग गायब आहे. कॉपी खराब आहे का?”

कॉपी ठणठणीत होती. लढाईचा निकाल आन्नोंनी भागाच्या शेवटापर्यंत राखून ठेवलाय. मध्ये येतात सरकारी बैठक, दवाखान्याचा बोळ, किराणा, जेवण, आंघोळ. आम्ही कागदावर दोन ओळी काढल्या. वर घटना घडल्या तशा, खाली त्या दाखवल्या तशा. वरच्या ओळीप्रमाणे पाहिलं तर मुलगा राक्षसाला मारतो आणि नव्या घरी राहायला जातो. खालच्या ओळीप्रमाणे पाहिलं तर तो घरात आल्यावरच, अंधारात एकटा पडल्यावर, त्याला सगळं आठवतं. घटना त्याच, पण पहिली गोष्ट विजयाची होते आणि दुसरी धसक्याची. एवढं समजायला एक पेन पुरलं.

३. राक्षसाआधी फ्रिज बघा

शिंजीची वरिष्ठ अधिकारी मिसातो एकोणतीस वर्षांची. मुलगा एकटा राहणार हे कळल्यावर ती त्याला आपल्याच घरी घेऊन येते. दारात तो परक्याच्या घरी शिरावं तसा संकोचून बोलतो. ती त्याला अडवते, हे तुझंच घर आहे म्हणते. मग तो अडखळत ‘आलो’ म्हणतो. आत सगळा पसारा. शिंजी सामान ठेवायला फ्रिज उघडतो. एका कप्प्यात बर्फ, एकात बिअरसोबतचा चकणा, एकात नुसते बिअरचे कॅन. शेजारी आणखी एक मोठा फ्रिज आहे. त्यात काय, असं विचारल्यावर मिसातो म्हणते, राहू दे, तो अजून झोपला असेल. थोड्या वेळानं न्हाणीघरातून एक पेंग्विन अंग झटकत बाहेर येतो आणि शिंजी उघडाच किंचाळत पळतो. दुसऱ्या फ्रिजातला भाडेकरू हाच.

पहिल्यांदा पाहताना हे सगळं मी विनोद म्हणून हसून सोडलं होतं. आता मिसातोपेक्षा वयानं मोठा झाल्यावर तोच फ्रिज एका बाईच्या दिनक्रमाचा जबाब वाटतो. घरी स्वयंपाक नाही, जेवायला कुणी येत नाही, दिवस संपतो तो कॅन उघडून. घरकामाची वाटणी दोघं दगड-कागद-कात्री खेळून करतात आणि जवळपास सगळी कामं शिंजीच्या गळ्यात पडतात. शिक्षणासाठी नातेवाइकांकडे ठेवलेला मुलगा पहिल्या दिवशी प्रत्येक गोष्टीला मान डोलावतो, तसा तो सगळ्याला हो म्हणतो. या मुलाला नकार देता येत नाही, आणि इव्हात तो का बसला याचं निम्मं उत्तर या स्वयंपाकघरात सापडतं.

४. मागच्या माणसांचं बोलणं ऐका

पुन्हा बघताना नायकावरून नजर हटवायची मोकळीक असते, तिचा फायदा घ्या. या भागात अंधाऱ्या खोलीत एक समिती शिंजीच्या बापाला फैलावर घेते. कशासाठी? खर्चासाठी! दुरुस्तीचा आकडा असा की एखादा देश खचेल, आणि तसलं खेळणं तुम्ही आपल्या मुलाच्या हाती दिलंत म्हणे. जगावर संकट आहे आणि चर्चा बिलाची चाललीय. मध्येच आमच्यासोबत येऊन बसलेल्या, सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या माझ्या मेहुण्याला सगळ्यात जास्त हसू आलं ते इथे.

टीव्हीवर भलतीच बातमी दाखवली जाते आणि मिसातोची सहकारी म्हणते की प्रसिद्धी विभागाला एकदाचं काम मिळालं, मंडळी खुशीत आहेत. दुकानात दोन बायका शहर सोडून जायचं बोलत असतात. शिंजी ते ऐकतो आणि गप्प राहतो.

मालिका सुरू झाली त्याच वर्षी, १७ जानेवारी १९९५ला, कोबे शहर भूकंपानं उद्ध्वस्त झालं होतं. २० मार्चला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायूचा हल्ला झाला होता. मालिका त्यांच्यावर बेतलेली आहे असा दावा मी करत नाही. पण ऑक्टोबरात घरी बसून त्या दोन बायकांचं बोलणं ऐकणारा जपानी प्रेक्षक कुठल्या वर्षातून आला होता, एवढं डोक्यात असावं.

५. चित्र थांबलं की कंटाळू नका, कान द्या

भाचीला दीडपट वेगानं बघायची सवय. तो वेग मी बंद करायला लावला, कारण या मालिकेची निम्मी करामत थांबण्यात आहे. ओसामु तेझुका यांनी १९६३ साली ‘ॲस्ट्रो बॉय’ काढली तेव्हापासून जपानी दूरचित्रवाणीचं ॲनिमेशन काटकसरीवर चाललंय. कमी चित्रं काढायची, एकच चित्र जास्त वेळ धरायचं, नुसते ओठ हलवायचे. आन्नोंनी या काटकसरीतून मौन घडवलं.

दवाखान्यातून निघताना लिफ्टचं दार उघडतं आणि आत बाप उभा असतो. शिंजी नजर फिरवतो, दार बंद होतं. संवाद एक नाही, हालचाल नावापुरती. दीडपट वेगात हे दृश्य निसटून जातं. कान उघडे ठेवले तर मालिकाभर झाडांवरच्या सिकाड्यांची किरकिर ऐकू येते. जपानमध्ये हा आवाज भर उन्हाळ्याचा; इथे तो कधी थांबतच नाही, कारण या जगात ऋतूच मोडलेत. कुणी पात्र हे समजावून सांगत बसत नाही.

६. पुढचं माहीत असलं तरी तोंड आवरा

भाचीनं विचारलं, “ही इव्हा नक्की मशीनच आहे ना?” उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर होतं. मी म्हटलं, “याच भागात काय दिसलं, ते सांग.” तिनं मोजायला सुरुवात केली. रक्त उडालं. तुटलेला हात आपोआप भरून आला. चालकाचा ताबा सुटल्यावर ती डरकाळी फोडून झेपावली. शेवटी डोक्यावरचं चिलखत गळून पडतं, शिंजीला इमारतीच्या काचेत तिचं प्रतिबिंब दिसतं, आणि त्या उघड्या डोक्यात नवा डोळा उगवून थेट त्याच्याकडे बघतो. “मग हे चिलखत नाहीये मामा, बेड्या आहेत.”

माझ्या उत्तरापेक्षा हे तिचं वाक्य लाखमोलाचं. उत्तर मी आधीच देऊन टाकलं असतं तर ते तिला सुचलंच नसतं.

७. ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न शेवटी ठेवा

एंजल स्वतःला उडवून देतो तेव्हा ज्वाळांचा क्रूस उभा राहतो. इथे बहुतेक चर्चा बायबलच्या रानात शिरतात आणि परत येत नाहीत. सहायक दिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी यांनी पुढे जाहीरपणे सांगितलंय की ख्रिस्ती चिन्हं घेतली ती मुख्यतः वेगळी, आकर्षक दिसतात म्हणून. याचा अर्थ त्यावर बोलूच नये असा नाही. पण काचेतल्या त्या डोळ्याबद्दल अजून बोलायचं बाकी असताना क्रुसावर तासभर घालवू नये.

८. भांडा, पण पुरावा मागा

खरी जुंपली ती मिसातोवरून. भाची म्हणाली, “ती त्याला वापरून घेतेय. मुलगा हाताशी राहिला तर उद्या पुन्हा इव्हात बसवता येईल.” मी म्हटलं, ती स्वतः एकटी आहे, तिलाही घरात कुणीतरी हवंय. नियम एकच केला. ज्याचं त्यानं याच भागातलं दृश्य काढून दाखवायचं.

मी टेकडीवरचं दृश्य काढलं. सूर्य मावळताना भोंगा वाजतो, जमिनीखाली उतरवलेल्या इमारती वर येऊ लागतात, आणि मिसातो त्याला सांगते की हे तू वाचवलेलं शहर. भाची म्हणाली, “हाच तर माझा पुरावा! कामगिरीचं कौतुक केलं की माणूस उद्याही कामाला येतो.” मग मी पेंग्विनच्या गोंधळानंतरचा क्षण काढला. मिसातो स्वतःशीच म्हणते की आपण जरा जास्तच हसतखेळत वागलो का, आणि कदाचित आपलंच नाटक त्या मुलाच्या लक्षात आलंय. भाची दोन मिनिटं गप्प बसली. नंतर म्हणाली, “नाटक आहे हे तिनंच कबूल केलं की!”

एकच दृश्य दोन्ही बाजूंना साक्षीदार म्हणून चालतं. लिहिणाऱ्यानं पात्र कसून लिहिल्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही. वाद आम्ही मिटवला नाही, मिटवूही नये.

९. पुढचा भाग आपोआप लागू देऊ नका

भाग संपला की कोपऱ्यात पुढच्याचा चौकोन येतो आणि उलटी मोजणी सुरू होते. ती सोय बंद करून ठेवा. श्रेयनामावली चालू असतानाच माणसं तोंड उघडतात, आणि हीच सोय त्यांना गप्प बसवते. पुढच्या भागाची झलकही चुकवू नका. तिथे मिसातोचाच आवाज उत्साहानं पुढचं आमिष दाखवत असतो. अंगावर आलेल्या शेवटानंतर हा बाजारी उत्साह मुद्दाम ऐकावा असाच आहे, कारण घरात शिंजीशी ती ज्या सुरात बोलते तोच हा सूर. भाचीनं तो लगेच आपल्या पुराव्यांत जमा केला. तिसरा भाग आम्ही पुढच्या रविवारी बघणार आहोत, आणि मिसातोच्या वकिलाला तोवर तयारी करायची आहे.