जुन्या तानपुऱ्याचा भाव

कोल्हापुरात एखाद्या घरातून जुना तानपुरा विकायला निघाला की त्याची किंमत बहुधा दोन गोष्टींवर ठरते. तो कुणाच्या घरचा आहे आणि त्याच्यावर नक्षी किती आहे. या दोन्हींचा आवाजाशी काडीचा संबंध नाही. गेली कित्येक वर्षं मी गाणं शिकवते. क्लासला येणाऱ्या मुलींचे आईवडील तानपुरा घ्यायचा म्हटलं की आधी जुना शोधतात आणि ते बरोबरच आहे. नवा चांगला तानपुरा सगळ्यांना परवडत नाही आणि मुलगी गाणं पुढे नेणार की दहावीला सोडणार, हे कुणी सांगावं? माझा जुन्या वाद्याला विरोध नाही. माझ्याकडचा तानपुराही जुनाच आहे. पण भाव ठरवायची जी रीत आपल्याकडे रूढ आहे, तिच्यापायी लोकांचे पैसे वाया गेलेले मी पाहिलेत. म्हणून हे लिहिते आहे.

२०२१च्या पुराला दोनेक वर्षं झाली असतील. एका विद्यार्थिनीचे वडील संध्याकाळी गवसणीत घातलेला तानपुरा घेऊनच क्लासवर आले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "ताई, बघा की जरा, अठरा हजारात गावलाय. नवा घ्यायचा तर पंचवीसच्या खाली नाही म्हणत्यात." वाद्य दिसायला देखणं होतं. भोपळ्याला गडद तपकिरी रंग, कडेनं पांढऱ्या पानाफुलांची नक्षी, तारा नव्याकोऱ्या. जवारीही ताजी काढलेली. छेडला तर सूर छान लागला. मात्र पाचच मिनिटांत जोडीच्या तारा उतरल्या. पुन्हा लावल्या, पुन्हा उतरल्या. खुंट्या सैल असतील म्हणून खडू लावून पाहिला, तरी तेच. मग मी तानपुरा आडवा घेऊन खालची बाजू बघितली. तारा खाली अडकवायचा लंगोट जिथे भोपळ्याला बसवलेला असतो, तिथे तबलीच्या, म्हणजे भोपळ्यावरच्या पातळ लाकडी झाकणाच्या, कडेला केसाएवढी फट होती. तार ताणली की ती फट किंचित उघडत होती. तबलीला कान लावून वाद्य हळूच तिरकं केलं तर आतून बारीक सरसर ऐकू आली.

ते वाद्य घेऊन आम्ही मिरजेला वाद्यं घडवणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात गेलो. कारागिरानं हात लावताच ओळखलं. "हा पाण्यात होता." तबली काढल्यावर आत भोपळ्याच्या तळाशी वाळलेला गाळ निघाला, पंचगंगेचा. विकणाऱ्यांच्या घरात पाणी फार चढलं नव्हतं, वीतभरच होतं म्हणे, पण बरेच दिवस साचून होतं. तानपुरा कोपऱ्यात उभा होता. उभ्या तानपुऱ्यात लंगोट आणि तबलीचा खालचा सांधा अगदी तळाला येतो. जुन्या वाद्यांचे सांधे सरसानं जोडलेले असतात आणि सरस पाण्यात विरघळतो. आधी सांधा सुटला, मग गढूळ पाणी आत शिरलं. पाणी ओसरल्यावर वाद्य उन्हात वाळवलं, त्यावर रंग मारला, नव्या तारा चढवल्या. त्या घरच्यांनी मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. वाद्य वाळलं म्हणजे बरं झालं, असं त्यांना खरंच वाटत असावं. पण आत साफ करून भोपळ्याला कापडाचं अस्तर देणं, तबली पुन्हा बसवणं, तारांखालची घोडी बदलणं, पॉलिश, असा सगळा खर्च कारागिरानं बारा हजार सांगितला. अठरा आणि बारा, तीस झाले. त्याच दुकानात त्याच मापाचा नवा तानपुरा पंचवीस हजारांना टांगलेला होता.

तेव्हापासून माझी रीत ठरली आहे. दुरुस्तीचा अंदाज आधी, किंमत नंतर. त्याच मापाच्या नव्या तानपुऱ्याचा आजचा भाव मिरजेतून विचारून घ्यायचा. त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा. उरलेल्या रकमेतून आणखी थोडे पैसे जोखमीचे म्हणून कमी करायचे, कारण तबली काढल्याशिवाय आत काय आहे ते कुणालाच पूर्ण दिसत नाही. येईल तो आकडा म्हणजे तुमची वरची मर्यादा. वरच्या तानपुऱ्याला हाच हिशेब लावला असता तर पंचवीसातून बारा गेले, तेरा उरले. जोखीम धरून दहा-अकरा हजारांवर तो घ्यायलाच नको होता.

गिटार घेणाऱ्याला हे काम बरंच सोपं जातं. कंपनीचं नाव आणि मॉडेल छापलेलं असतं, नव्याची किंमत दोन मिनिटांत कळते आणि दोषही ठरावीक जागी सापडतात: पडदे किती झिजलेत, बाराव्या पडद्यापाशी तार किती वर उचलली आहे, मान वाकली आहे का, ब्रिज मागच्या बाजूनं सुटू लागलाय का. गिटारीची मान थोडी जरी वाकली तरी वाजवणाऱ्याच्या बोटांना त्रास होतो आणि वरचे सूर बेसूर होतात. तानपुऱ्याला पडदेच नसतात. त्यामुळे दांडीला थोडा बाक असला तरी बिघडत नाही. उलट गिटारीत ज्याच्याकडे कुणी फारसं बघत नाही, तो पोकळ भाग इथे सर्वस्व आहे. तानपुऱ्याची किंमत म्हणजे भोपळा, तबली आणि दांडी. घोडी, खुंट्या, मणी, तारा हे सगळं बदलता येतं.

म्हणून आधी भोपळा. हे भोपळे भीमेकाठचे असतात. पंढरपूर, मंगळवेढा, बेगमपूर या भागात ते पिकतात आणि वाळून कडक झाले की मिरजेला येतात. मोठा, गोल, जाड सालीचा भोपळा मिळणं सोपं नाही. जुन्या तानपुऱ्याला थोडे जास्त पैसे मोजावेत, ते याच्याचसाठी. बोटाच्या पेरानं भोपळा सगळीकडून वाजवून बघा. चांगल्या जागी खणखणीत बोलतो. आतून ठिगळ असेल किंवा साल मऊ पडली असेल तिथे आवाज भद्द येतो. मग डोळे मिटून तळहात फिरवा. रंगाखाली झाकलेली चीर डोळ्याला दिसत नाही, हाताला लागते. एखादं नीट बसवलेलं ठिगळ असलं म्हणून घाबरू नका, चांगल्या कारागिरानं सांधलेला भोपळा पुढे कित्येक वर्षं वाजतो. मात्र गळ्याच्या जोडापाशी, जिथे भोपळा दांडीला मिळतो, तिथे चीर असेल तर वाद्य खाली ठेवा. तारांचा सगळा ताण तिथे येतो.

तबली किंचित फुगीर असायला हवी. घोडीच्या दोन्ही बाजूंनी एक सरळ फूटपट्टी आडवी धरली की फुगीरपणा कळतो. घोडीखाली तबली दबलेली असेल तर आवाज बसतो, आणि तबली नवी बसवणं हे खर्चाचं काम. त्यापेक्षा खुंट्यांची तपासणी सोपी आहे. चारही तारा लावून वाद्य बाजूला ठेवा, घरच्यांशी चहा घ्या, गप्पा मारा, मग पुन्हा छेडा. जो तानपुरा तेवढ्या वेळात उतरतो, त्याचं कारण शोधल्याशिवाय पुढे बोलू नका.

जवारीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक लोक इथेच चकतात. जवारी म्हणजे घोडीच्या माथ्यावरचा हलका उतार, तो कारागीर घासून घासून आणतो. तार त्याला ओझरती टेकत थरथरते आणि सूर लांबत जातो. तारेखालचं सूत पुढेमागे केलं की आवाज उघडतो किंवा मिटतो. पण वर्षानुवर्षं वाजवून तारेच्या जागी घोडीला खाचा पडतात आणि चांगला तानपुरासुद्धा मुका वाटायला लागतो. अशा वाद्याचा भाव लोक पाडून मागतात. खरं तर जवारी पुन्हा काढून घेतली की ते उठून उभं राहतं आणि त्याला फार खर्च येत नाही. उलट ताज्या जवारीचा तानपुरा पहिल्या दहा मिनिटांत कुणालाही भुलवतो, मग त्याचा भोपळा कसाही असो. म्हणून जवारी कधी काढली ते विचारा, आणि तारांवर हात ठेवून त्या गप्प करून नुसती तबली टिचकीनं वाजवून ऐका. वाद्याचा आवाज तिथे असतो.

आता नक्षी. पांढरं काम दिसलं की विकणारे सहज म्हणतात, "हस्तिदंती आहे." बहुतेक वेळा ते सेल्युलॉइड असतं. जोरात घासून वास घेतला तर कापरासारखा दरवळ येतो. गरम सुई टोचून बघायचा उद्योग मात्र करू नका, सेल्युलॉइड पटकन पेटतं. खरा हस्तिदंत असेल तर आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात. पण खरा निघाला तर किंमत वाढते, या समजात राहू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात नंतर झालेल्या दुरुस्त्यांनी आपल्या देशात हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद केली आहे. सांबरशिंगाच्या घोडीचंही तेच. "हस्तिदंती म्हणून पाच हजार जास्त" असं कुणी म्हणालं तर त्या बोलण्याला नमस्कार करून निघून यावं.

दुसरा वाढीव आकडा नावाचा असतो. आपलं शहर गाण्याचं. १८८३ साली सुरू झालेला देवल क्लब इथला, अल्लादियाँ खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते ते इथेच. त्यामुळे जुन्या घरातल्या प्रत्येक तानपुऱ्यावर कुठल्या ना कुठल्या बुवांचा हात फिरलेला असतो, असं ऐकायला मिळतं. असेलही. आजोबांच्या आठवणीला मी कमी लेखत नाही. पण त्याबद्दल जादा पैसे द्यायचे असतील तर फोटो, पत्र, पावती, काहीतरी हातात हवं. त्यापेक्षा खात्रीचं नाव कारागिराचं. तानपुऱ्यावर मिरजेच्या कारखान्याची चिठ्ठी किंवा पट्टी आहे का ते बघा. शस्त्रांना धार लावणाऱ्या तिथल्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात वाद्यं घडवायला घेतली. त्यांच्यातल्या फरीदसाहेबांपासून सुरू झालेलं ते काम आजही त्यांच्या वंशजांच्या हातून सतारमेकर गल्लीत चालतं. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. ज्या घराण्यानं वाद्य घडवलं त्यांना ते दाखवलं तर पुष्कळदा ते आपलं काम ओळखतात. केव्हाचं, कुठल्या लाकडाचं, आधी काय दुरुस्त झालंय हेही सांगतात. कोल्हापूरहून मिरज तास-दीड तासाची. पैसे देण्याआधी वाद्य तिथे न्यायला विकणारा तयार नसेल, तर त्यातच उत्तर आलं.

मापाची गोष्ट राहिली, आणि ती भावाच्याही आधीची. पुरुषी तानपुरा मोठा, पेटीवरच्या पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास उत्तम बोलतो. बायकी तानपुरा लहान, वरच्या पट्टीचा. मुलगी काळी चार-पाचला गाते आणि स्वस्त मिळाला म्हणून पुरुषी तानपुरा घरात आला, तर बारीक तारा चढवून कसंबसं भागवावं लागतं. तारा सतत तुटतात आणि भरदार आवाज काही येत नाही. असा तानपुरा फुकट मिळाला तरी तिच्या कामाचा नाही. गुरूंना पट्टी विचारा, मग शोधायला निघा.

बंगळुरूच्या जी. राजनारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला. आता तर तो मोबाइलमध्येच मिळतो. त्यामुळे घराघरातले तानपुरे माळ्यावर गेले आणि घर बदलताना विकायला निघतात. घेणाऱ्यासाठी ही संधी आहे. मात्र कोल्हापूर-सांगलीकडचं वाद्य असेल तर एक प्रश्न चुकवू नका: २०१९ला आणि २०२१ला हे कुठे होतं? राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. नदीकाठच्या पेठांत तेव्हा कुणाच्या घरात काय भिजलं ते शेजारीपाजारीही सांगतात. प्रश्न सरळ विचारा, लोक सहसा खरं बोलतात. त्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी हे विचारलंच नव्हतं आणि समोरच्यांनी आपणहून सांगितलं नव्हतं.

विकणाऱ्यांनाही एक विनंती. घरातल्या आजींचा तानपुरा द्यायचा असेल तर आधी रंग मारू नका. धूळ पुसा, जुन्या तारा तशाच राहू द्या, मिरजेच्या कारागिराकडून दुरुस्तीचा अंदाज कागदावर लिहून घ्या आणि तो कागद घेणाऱ्यासमोर ठेवा. भिजला असेल तर भिजला म्हणून सांगा. अशा वाद्याला मी स्वतः गिऱ्हाईक शोधून देते आणि हिशेबानं येईल तेवढी पूर्ण रक्कम मिळवून देते. ताजा रंग दिसला तर मात्र मला त्याखाली काय आहे हे गृहीत धरावं लागतं, आणि तेव्हा मी कमीच आकडा सुचवते.