वारली माणसाची उडी

टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण आणि काडीसारखे हातपाय असा वारली माणूस तुम्ही पाहिलाच असेल. जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात त्याला भिंतीवरून कागदावर आणले. पडघ्याची माझी एक विद्यार्थिनी आता त्याला घेऊन संगणकावर व्हिडिओ गेम तयार करीत आहे. गेरूचा रंग जमला, पांढरी रेघ जमली, तारपा नाचही गोल फिरू लागला. उडी मात्र जमेना. माणूस लिफ्टमधून वर गेल्यासारखा दिसे.

असे का व्हावे? तिच्या खेळात पडद्यावरील चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते. दर चित्रात तिने माणसाला ६ ठिपके वर सरकवले होते. म्हणजे वेग कायम! वर फेकलेल्या चेंडूचा वेग तर सतत घटतो. म्हणून तिने पहिल्या चित्रात १२ ठिपके, मग ११, मग १०, अशी घट ठेवली. बारा चित्रांत बेरीज ७८ झाली. पुढे त्याच आकड्यांनी उलट क्रमाने खाली. उडी जिवंत झाली.

आता गंमत पाहा. माणूस ८० ठिपके उंच आहे. तो १६० सेंटिमीटरचा मानला, तर एक ठिपका २ सेंटिमीटरचा. हिशेब करा: त्वरण दर सेकंदाला सेकंदास ७२ मीटर येते, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या सातपटीहून अधिक! खरे ९.८ घेतले, तर तेवढेच वर चढायला १/५ ऐवजी अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, आणि माणूस तरंगतो आहे असे वाटते. तिने दोन्ही करून पाहिले आणि सातपट ठेवले. चित्रकाराला तेवढी मुभा असावी, असे मला तरी वाटते.

सध्या ती उतरताना गुडघे किती वाकवावेत, यात अडकली आहे.