वस्तूचे नाव आणि वस्तूची ओळख

एटापल्लीच्या जंगलात तोडीसाठी झाड निवडले की वनखात्याचे कर्मचारी त्याच्या बुंध्यावर हातोड्याची छाप उमटवून क्रमांक घालतात. 'साग' हे नाव त्या कामी पुरेसे नसते. साग हजारो आहेत. नुसता क्रमांकही चालत नाही, कारण तोच आकडा शेजारच्या कक्षातील झाडावरही असू शकतो. संगणकावरील खेळात स्वतः भर घालू इच्छिणाऱ्या तरुणांपुढे हाच प्रश्न उभा राहतो.

उदाहरणादाखल 'स्टारड्यू व्हॅली' हा खेळ घेऊ. एरिक बॅरोन यांनी एकहाती रचलेला हा खेळ फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. खेळणारा आजोबांची पडीक शेती कसतो, गुरे पाळतो, मासे धरतो व गावकऱ्यांशी स्नेह जोडतो. या खेळात बाहेरून नवी पिके, नव्या वस्तू, नवी माणसे घालता येतात. अशा भरीस 'मॉड' म्हणतात. मॉड लिहिणाऱ्याने अभिप्रेत वस्तू खेळास नेमकी कशी सांगावी?

पडद्यावर दिसणारे नाव येथे निरुपयोगी होय. भाषा बदलली की ते बदलते. म्हणून प्रत्येक प्रकारास आतून एक स्थिर ओळख दिलेली असते. पूर्वी ती केवळ आकड्याची असे, आणि त्यात घोटाळ्यास जागा होती. १३० हा आकडा सामान्य वस्तूंच्या यादीत ट्यूना माशाचा आहे, तर मोठ्या बनविलेल्या वस्तूंच्या यादीत तोच लाकडी पेटीचा! यास्तव आता आकड्याआधी कंसात यादीची खूण लिहितात: माशासाठी 'ओ', पेटीसाठी 'बीसी'. प्रत्यक्षात ही अक्षरे रोमन लिपीत असतात. वनखात्याचा कक्ष तो हाच.

दुसरी अडचण अधिक त्रासाची होती. नव्या वस्तूंना मोकळे आकडे वाटून दिले जात. एखादा मॉड काढला किंवा नवा घातला की वाटप बदलण्याचा धोका असे, आणि महिनोन् महिने जोपासलेल्या शेतातील एक वस्तू दुसरीच होऊन बसे. मार्च २०२४ मधील १.६ या आवृत्तीने आकड्यांऐवजी अक्षरी ओळख स्वीकारली. तिच्या आरंभी मॉडची स्वतःची ओळख जोडावी, असा संकेत आहे. त्यामुळे दोन लेखकांनी एकच वस्तू केली तरी टक्कर होत नाही.

कधी एक प्रकार नव्हे, तर गटच हवा असतो. माकी रोल या पदार्थास कोणताही मासा चालतो. तेथे मत्स्यवर्गाचा क्रमांक, उणे ४, लिहिला की काम भागते. उलट, शेतातील हीच एक पेटी हवी असेल तर प्रकाराची ओळख अपुरी पडते, कारण तशा पेट्या दहा असतील. तेव्हा ठिकाणाचे नाव आणि चौकोनाचे आडवे-उभे स्थान सांगावे लागते. वर्ग, प्रकार आणि प्रत्यक्ष वस्तू या तीन पायऱ्यांची गल्लत नवशिक्यांकडून फार होते.

समजा, एटापल्लीच्या एखाद्या विद्यार्थिनीने मोहफूल या खेळात आणावयाचे ठरविले. खेळाच्या अधिकृत भाषांत मराठी नाही, आणि देवनागरी टंकही वेगळा पुरवावा लागतो. तथापि ओळख व दर्शनी नाव निराळे असल्याने अडत नाही. ओळख रोमन अक्षरांत, आपल्या मॉडच्या नावासह एकदाच ठरवावी. दर्शनी नाव आज इंग्रजीत, उद्या मराठीत, पुढे माडियात द्यावे. नावे कितीदाही बदलोत, साठविलेली फुले जागची हलत नाहीत. ओळखीत मात्र एक अक्षरही बदलले, तर जुन्या शेतातील पेटी उघडताच फुलांच्या जागी 'चुकीची वस्तू' असा लाल खुणेचा ठोकळा दिसतो.